पासवर्ड बरोबर आणि तरी ऑथ फेल: पोस्टफिक्सच्या सॉकेटची पार्श्वभूमी

१९८२च्या मूळ एसएमटीपीत (मेल पाठवायचा प्रोटोकॉल) लॉगिन नव्हतंच. नव्वदच्या दशकात स्पॅम वाढला, उघडे रिले (कोणाचीही मेल पुढे पाठवणारे सर्व्हर) बंद करावे लागले, मग आधी पॉपने (मेल उतरवून घ्यायचा प्रोटोकॉल) मेल चेक करा आणि त्यानंतर थोडा वेळ त्याच आयपीवरून पाठवा असा जुगाड चालला आणि १९९९ला एसएमटीपी ऑथ, म्हणजे पाठवतानाच लॉगिन, स्टँडर्ड म्हणून आलं.

पोस्टफिक्स (मेल पाठवणारं-घेणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) स्वतः पासवर्ड तपासत नाही, दुसऱ्याला विचारतं. २००६पर्यंत तो दुसरा म्हणजे सायरस सासल ही लॉगिनची लायब्ररी, तिच्यामागे सासलऑथडी हा पासवर्ड तपासणारा प्रोग्राम आणि बहुतेक ठिकाणी त्याच्याही मागे पॅम (लिनक्सची लॉगिन यंत्रणा). एवढ्या साखळीत पासवर्ड क्वचितच चुकीचा असायचा, तुटायचा तो मधला सांधा.

आणि तो तुटायचा मुख्यतः क्रूटमुळे, म्हणजे प्रोसेसला एकाच फोल्डरात कोंडण्यामुळे. पोस्टफिक्सच्या मूळ सोर्ससोबतच्या मास्टर फाइलमध्ये (कोणती सर्व्हिस कशी चालवायची ती कॉन्फिग) क्रूट बंद असतं, पण डेबियन-उबुंटूच्या पॅकेजने ते वर्षानुवर्षं डिफॉल्ट चालू ठेवलं. कारण अगदीच चुकीचं नव्हतं, इंटरनेटसमोर उभी असलेली प्रोसेस कोणी फोडलीच तर त्याला स्पूल (मेलच्या रांगेच्या) फोल्डरच्या बाहेरचं काही दिसू नये. पण सासलऑथडीचा सॉकेट (प्रोग्रामनी एकमेकांशी बोलायची खास फाइल) बाहेर वार-रन फोल्डरमध्ये, त्यामुळे टेस्टची कमांड चालवली की 'ओके सक्सेस' यायचं (ती क्रूटच्या बाहेर चालते ना) आणि त्याच मिनिटाला मेल लॉगमध्ये 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. माणूस तासन् तास पासवर्ड बदलत बसायचा! सॉकेट स्पूलच्या आत हलवला की पुढचा अडथळा 'परमिशन डिनाइड', मग पोस्टफिक्स युजरला सासल ग्रुपमध्ये घाला. पोस्टफिक्सच्या डिबगिंगच्या डॉक्युमेंटमध्येही क्रूट बंद करून बघा असं सरळ लिहिलंय. माझ्या मते हे डिफॉल्ट चुकलंच, ज्याला क्रूट हवंय त्याने समजून चालू करावं, नवख्याच्या गळ्यात कशाला?

२००६च्या पोस्टफिक्स २.३ने डोव्हकॉट या मेलबॉक्स सर्व्हरला थेट विचारायची सोय दिली आणि बरंच सुटलं. आयमॅपसाठी (मेल वाचायचा प्रोटोकॉल) डोव्हकॉट चालूच असतो, तो आपला सॉकेट पोस्टफिक्सच्या स्पूलमधल्या प्रायव्हेट फोल्डरात 'ऑथ' नावाने उघडतो, मालक पोस्टफिक्स, मोड ०६६० (फक्त मालक आणि ग्रुपला वाचा-लिहायची परवानगी). पाथ स्पूलपासूनचा असल्यामुळे क्रूट असो नसो, तोच चालतो.

मात्र डोव्हकॉटने २०१०ला २.०मध्ये कॉन्फिग बदललं आणि २०२५च्या २.४मध्ये पुन्हा, आता तर सुरुवातीलाच कॉन्फिग व्हर्जन लिहावं लागतं. डेबियन १३वर अपग्रेड केलं आणि जुनी फाइल तशीच राहिली तर डोव्हकॉट उठतच नाही, सॉकेट मिळत नाही आणि पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये 'नो सासल ऑथेंटिकेशन मेकॅनिझम्स' असा फेटल एरर येतो. सासल मेन फाइलमध्ये (मुख्य कॉन्फिग) सगळ्यांसाठी चालू असेल तर २५ पोर्टवर बाहेरून येणारी मेलसुद्धा अडते. म्हणून ते मास्टर फाइलमध्ये फक्त ५८७ आणि ४६५ पोर्टच्या (आपल्या युजरनी मेल पाठवायच्या) सर्व्हिसखाली चालू करावं, म्हणजे डोव्हकॉट पडला तरी २५ पोर्ट बाहेरची मेल घेत राहतं.