चारही बाजू मापात, तरी घर तिरकं

घराची आखणी चालू असताना कोकणात हमखास ऐकू येतं : "समोरासमोरच्या बाजू सारख्या भरल्या, मारा फक्की!" एवढ्यावर चुन्याची फक्की मारून रेषा पक्की करू नये. समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्या की त्या समांतर येतात, हे खरं. काटकोन मात्र येईलच असं नाही. ३० बाय ४० फुटांच्या त्याच चार दोऱ्यांत कलता समांतरभुज चौकोनही बसतो.

तो पकडायचा कर्णांवरून. आयत असेल तर दोन्ही कर्ण ५० फूट. बाजूंची मापं तीच राहून मागची ४० फुटी बाजू फूटभर सरकली, तर एक कर्ण ५०.७९ फूट होतो, दुसरा ४९.१९. समांतरभुज चौकोनात दोन कर्णांच्या वर्गांची बेरीज चारही बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतकीच असते, इथे ५०००. म्हणजे एक कर्ण वाढला की दुसऱ्याला आखडावंच लागतं, आणि फूटभराची चूक टेपवर १.६ फूट दिसते. उलट हिशेबाने, कर्णांत ८ इंच फरक आला तर मागच्या दोन्ही खुंट्या ५ इंचच सरकवायच्या, मोठा कर्ण कमी होईल त्या बाजूला. आठ इंच सरकवल्या की चौकोन उलटीकडे कलतो.

पण नुसते कर्ण सारखे भरूनही भागत नाही. समद्विभुज समलंब चौकोनातही ते सारखेच असतात. बाजू आणि कर्ण, दोन्ही तपासायचं. (गोमुखी म्हणजे पुढे अरुंद, व्याघ्रमुखी म्हणजे पुढे रुंद, म्हणून ज्या प्लॉटचे भाव चढतात-उतरतात, तेही समलंब चौकोनच. नशिबाचा संबंध नाही. खोल्यांचे कोपरे तेवढे नीट काढावे लागतात.)

दोन फुटी गुण्यावर, म्हणजे गवंड्याच्या काटकोनी पट्टीवर, सगळं घर आखू नये. त्याच्या टोकाला एक सूत (इंचाचा आठवा भाग) चुकलं, तर ३० फुटांवर पंधरा सूत, म्हणजे जवळजवळ दोन इंच जातात. त्यापेक्षा काटकोनासाठी दोरीवर ६-८-१० फुटांचा त्रिकोण धरावा.

आपल्याकडे खरा घात उतार करतो. ४० फुटांत जमीन ३ फूट उतरत असेल आणि टेप जमिनीलगत धरला, तर आडवं अंतर सव्वा इंचाहून जास्त कमी भरतं. समोरच्या बाजूला उतार वेगळा असला की समांतरपणाही गेला. टेप लेव्हलमध्ये, तुकड्यातुकड्याने धरावा आणि प्रत्येक टोक ओळंब्याने खाली उतरवावं.

जांभ्याच्या भिंतीत इंचभर चूक गिलाव्याखाली दडते. लाद्या बसवताना मात्र शेवटची ओळ पाचरीसारखी कापावी लागते, आणि मंगळुरी कौलं एकमेकांत सरळच अडकत असल्याने छपराच्या कडेला तिरकी कापत बसावं लागतं.