साउथ डाउन्स वे

दक्षिण इंग्लंडमध्ये विंचेस्टर या जुन्या राजधानीपासून ईस्टबोर्न या समुद्रकाठच्या शहरापर्यंत जाणारा सुमारे १६० किमी. लांबीचा डोंगरधारेवरचा मार्ग. हँपशर आणि ससेक्स या परगण्यांतून तो पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो. चालणारे, घोडेस्वार आणि माउंटन बाइकवाले अशा तिघांनाही तो खुला आहे. ब्रिटनमध्ये सरकारी मान्यतेने आखलेल्या लांब पल्ल्याच्या वाटांना नॅशनल ट्रेल म्हणतात. त्यांपैकी घोडा आणि सायकल यांना सबंध लांबीभर वाव देणारी ही पहिली वाट. तिचे उद्घाटन १९७२ मध्ये झाले. तेव्हा ती ईस्टबोर्नहून हँपशरच्या वेशीवरील ब्युरिटन गावापर्यंतच होती. विंचेस्टरपर्यंतचा तुकडा १९८० च्या दशकाच्या अखेरीस जोडला गेला. २०१० मध्ये हा प्रदेश साउथ डाउन्स राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला.

‘डाउन’ म्हणजे खाली, हा शाळेत शिकलेला अर्थ इथे लावला तर फसगत होते. जुन्या इंग्रजीतल्या ‘दून’ म्हणजे टेकडी या शब्दापासून हे नाव आले आहे. म्हणजे ‘डाउन्स’ या सगळ्या चढायच्या जागा आहेत, आणि सायकलवाल्याला ते पहिल्या तासाभरातच कळते.

भूरचना : हे डोंगर खडूचे आहेत. क्रिटेशस कल्पात उथळ, कोमट समुद्राच्या तळाशी सूक्ष्म शैवालांच्या चुनखडी कवचांचे थर साचले आणि त्यांचा मऊ, पांढरा खडक झाला. आल्प्स पर्वत घडवणाऱ्या हालचालींचा धक्का इथवर पोचला आणि हे थर घुमटासारखे वर उचलले गेले. पुढे घुमटाचा माथा झिजून गेला. त्याची दक्षिणेकडची उरलेली कड म्हणजे साउथ डाउन्स, उत्तरेकडची कड म्हणजे नॉर्थ डाउन्स, आणि मधला चिकणमातीचा, झाडीचा सखल भाग म्हणजे वील्ड. त्यामुळे साउथ डाउन्सची उत्तर बाजू भिंतीसारखी तुटलेली आणि दक्षिण बाजू समुद्राकडे आरामात उतरणारी आहे. मार्ग बहुतेक ठिकाणी या भिंतीच्या माथ्यावरून जातो. डावीकडे वील्डची शेते आणि झाडी, उजवीकडे दूरवर इंग्लिश खाडीची चमक असे दृश्य तासन्‌तास सोबत राहते.

इंग्लंडच्या या भागाचे वर्णन नेहमी ‘लाटांसारख्या टेकड्या’ असे केले जाते. त्या लाटा हिमयुगाने कोरल्या. खडूचा खडक पाणी शोषून घेतो, म्हणून एरवी त्यावरून ओढे वाहत नाहीत. पण थंडीत जमीन खोलवर गोठली की पाणी आत मुरेना. उन्हाळ्यात वितळणारे बर्फ आणि चिखल उतारावरून घसरत जाई आणि दऱ्या खोदल्या जात. थंडी ओसरल्यावर पाणी पुन्हा आत मुरू लागले आणि दऱ्या कोरड्या राहिल्या. ब्रायटनजवळचा डेव्हिल्स डाइक हा अशा कोरड्या दरीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना. खोली सुमारे १०० मीटर. लोककथा मात्र वेगळेच सांगते. ससेक्समध्ये फार चर्च झाली म्हणून चिडलेल्या सैतानाने समुद्र आत सोडण्यासाठी रातोरात चर खणायला घेतला. एका म्हातारीने मेणबत्ती लावली, कोंबडा आरवला आणि उजाडले असे समजून सैतान काम अर्धवट टाकून पळाला.

घोड्याची वाट, सायकलचा हक्क : साउथ डाउन्स वे समजून घ्यायचा तर इंग्लंडमधील वाटांचा कायदा आधी पाहावा लागतो. तिथे शेतजमीन खाजगी असली तरी तिच्यातून जाणाऱ्या जुन्या वाटेवर लोकांचा वहिवाटीचा हक्क असतो. १९४९ च्या कायद्याने अशा वाटांची अधिकृत नकाशावर नोंद करण्याचे काम स्थानिक परिषदांवर सोपवले. नोंदीनुसार वाटेची जात ठरते. ‘फूटपाथ’ म्हणजे पायवाट, फक्त चालणाऱ्यांसाठी. ‘ब्रिडलवे’ म्हणजे लगामाची वाट. तिच्यावरून घोड्यावर बसून किंवा घोडा हाती धरून जाता येते. १९६८ च्या कंट्रीसाइड कायद्याच्या कलम ३० ने ब्रिडलवेवर सायकललाही मुभा दिली. माउंटन बाइक नावाची वस्तू तेव्हा जन्मालाही आली नव्हती. कॅलिफोर्नियात जुन्या सायकली डोंगरावरून खाली पळवण्याचे वेड १९७० च्या दशकातले, आणि ब्रिटनमध्ये अशा सायकली दुकानांत दिसू लागल्या त्या १९८० च्या दशकात. मात्र खडबडीत वाटांवर सायकल नेणारे हौशी लोक तिथे आधीपासून होते. त्यांनी १९५५ मध्ये ‘रफ स्टफ फेलोशिप’ नावाचा संघही काढला होता.

या मुभेला दोन अटी आहेत. सायकलस्वाराने चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला वाट द्यायची, ही पहिली. दुसरी फारशी कोणी सांगत नाही : सायकलींच्या सोयीसाठी वाट सुधारण्याचे बंधन कोणावरही नाही. घोडा जाऊ शकतो ना, मग झाले. मार्गावर जागोजागी खुरांनी तुडवलेला चिखल, पावसाने उघडे पडलेले दगड आणि एकामागून एक येणारी फाटके भेटतात, त्यांचे मूळ या कलमात आहे. फाटकांच्या उंच दांड्यासुद्धा घोड्यावर बसल्या बसल्या हाताला याव्यात म्हणून तशा केलेल्या असतात. सायकलवाला त्या वाकून नव्हे, हात वर करून उघडतो. आपण इथे पाहुणे आहोत, याची एवढी नेमकी आठवण दुसरे काही करून देत नाही.

इंग्लंड आणि वेल्समधील नोंदणीकृत वाटांमध्ये ब्रिडलवेचा वाटा जेमतेम पाचवा हिस्सा आहे. बाकी बहुतांश फूटपाथ आहेत. फूटपाथवर सायकल चालवणे सहसा फौजदारी गुन्हा ठरत नाही, पण जमीनमालकाच्या दृष्टीने ते अतिक्रमण असते. ब्रिडलवे गावाच्या वेशीवर अचानक संपतो, पुढे तीच वाट फूटपाथ होते आणि सायकलस्वार नकाशा उलटसुलट करत बसतो, असे प्रसंग म्हणूनच नित्याचे. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या कोणालाही जवळजवळ सर्व मोकळ्या जमिनीवर पायी, घोड्यावर किंवा सायकलवर फिरता येते. इंग्लंडमध्ये मात्र वाटेची जात पाहूनच चाक टाकावे लागते. ती ओळखायला खुणा सोप्या आहेत : पिवळा बाण फूटपाथचा, निळा ब्रिडलवेचा, आणि नॅशनल ट्रेलवर त्याच्या जोडीला ओकच्या फळाचे चिन्ह. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेच्या १:२५,००० प्रमाणाच्या नकाशांत फूटपाथ आखूड हिरव्या तुटक रेषांनी आणि ब्रिडलवे लांब हिरव्या तुटक रेषांनी दाखवतात. विजेची मदत घेणाऱ्या सायकलींनाही ब्रिडलवेवर परवानगी आहे. मोटर २५० वॅटपेक्षा मोठी नसावी आणि ताशी २५ किमी.च्या आसपास तिची मदत थांबावी, या मुख्य अटी.

मार्ग : वारा बहुधा नैर्ऋत्येकडून वाहतो, म्हणून बहुतेक जण विंचेस्टरहून निघून वारा पाठीशी घेतात. सुरुवातीचा भाग शेतांमधून जातो. मिऑन नदीकाठचे एक्स्टन मागे टाकले की ओल्ड विंचेस्टर हिल हा लोहयुगीन गढीचा डोंगर येतो आणि पुढे बट्सर हिल. सुमारे २७० मीटर उंचीची ही टेकडी साउथ डाउन्सच्या खडूच्या रांगेतली सर्वांत उंच. आकडा किरकोळ वाटतो. पण हा मार्ग एकदा चढून सपाटीवर राहत नाही. मिऑन, अरन, अडर, ऊझ आणि ककमिअर या पाच नद्यांनी रांग कापली आहे. प्रत्येक नदीपाशी पार खाली उतरायचे आणि पुन्हा धार गाठायची. सगळे चढ मिळून सुमारे ४,००० मीटर होतात.

बिग्नर हिलवर चिचेस्टरहून लंडनला जाणारा रोमन रस्ता वाटेला छेदतो. तिथल्या लाकडी फलकावर शहरांची लॅटिन नावे लिहिली आहेत. अँबर्लीला अरन ओलांडल्यावर चँक्टनबरी रिंग येते. लोहयुगीन तटबंदीच्या आतल्या या बीच वृक्षांच्या वर्तुळाची लागवड चार्ल्स गोरिंग याने १७६० मध्ये केली. १९८७ च्या वादळात त्यातली बरीच झाडे कोसळली. डेव्हिल्स डाइक आणि क्लेटनच्या जॅक व जिल या पवनचक्क्यांनंतर २४८ मीटर उंचीची डिचलिंग बीकन ही टेकडी लागते. पुढे साउथईझला ऊझ ओलांडून फर्ल बीकनचा लांबच लांब चढ चढायचा.

क्लेटनपासून दक्षिणेला पॅचमकडे वळणारी वाट भारतीय वाचकाने चुकवू नये. पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियन या जुन्या राजवाड्यात जखमी भारतीय सैनिकांचे रुग्णालय होते. ब्रायटनमध्ये मरण पावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांवर या डोंगरउतारावर अग्निसंस्कार झाले. त्या जागेवर पांढऱ्या संगमरवराचे स्मारक उभे आहे, आणि त्याचे नाव आहे ‘छत्री’. आराखडा मुंबईचे वास्तुविशारद ई. सी. हेन्रिकेस यांचा. अनावरण १ फेब्रुवारी १९२१ रोजी झाले. सैनिकांची नावे कोरलेली भिंत शेजारी यायला मात्र २०१० साल उजाडावे लागले. आजूबाजूला मेंढ्या चरत असतात.

सायकल आणि ऋतू : वाटेत अवघड उड्या किंवा मोठे खडक नाहीत, त्यामुळे पुढच्याच चाकाला शॉक असलेली साधी माउंटन बाइक पुरते; अलीकडे खडीच्या रस्त्यांसाठी बनवलेल्या ग्रॅव्हल बाइकवरूनही बरेच जण जातात. खरे संकट खडूचे. कोरडा असताना तो पक्क्या रस्त्यासारखा वागतो. ओला झाला की साबणासारखा निसरडा होतो, आणि मातीत मिसळला की पांढरा लगदा चाकात भरून ब्रेक जाम करतो. त्यात चकमकीच्या दगडाचे धारदार तुकडे टायर कापतात. म्हणून ट्यूबलेस टायर आणि आत भोक बुजवणारा द्रव, हीच इथली रीत. धारेवर झरे नसल्याने पाण्याचे नळ कुठे आहेत ते आधी पाहून ठेवावे लागते. मेंढ्यांसाठी पूर्वी तळाला चिकणमाती लिंपून तळी बांधत. त्यांना ‘दवतळी’ म्हणत, पण पाणी त्यांत साचे ते पावसाचेच.

बहुतेक जण दोन ते चार दिवसांत मार्ग पुरा करतात. जूनमधल्या लांब दिवसाचा फायदा घेऊन एका दिवसात पार करण्याची ईर्षा धरणारेही पुष्कळ आहेत. विंचेस्टर, अँबर्ली, साउथईझ आणि ईस्टबोर्न इथे रेल्वे स्थानके असल्याने तुकड्यातुकड्यांनी जाणेही सोपे. घाईने जाणाऱ्यांचे मात्र नुकसान होते. शतकानुशतके मेंढ्यांनी कुरतडलेल्या या गवताळ उतारांवर एका चौरस मीटरमध्ये चाळीसपर्यंत वनस्पती सापडतात, आणि वर चंडोल गात असतो. दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर अशी बरीच कुरणे नांगराखाली गेली; उरली ती मुख्यतः नांगर न चालणाऱ्या तीव्र उतारांवर.

अल्फ्रिस्टनला, ककमिअरच्या काठी, चालणाऱ्यांची आणि चाकवाल्यांची ताटातूट होते. सेव्हन सिस्टर्स आणि बीची हेड या प्रसिद्ध पांढऱ्या कड्यांवरून जाणारी शाखा फूटपाथ आहे. सायकलने विंडोव्हर हिल चढून, जेव्हिंग्टन गावातून आतल्या बाजूने जावे लागते. विंडोव्हरच्या उतारावर ‘लाँग मॅन’ ही सुमारे ७० मीटर उंचीची मानवाकृती आहे, पण वाट तिच्या डोक्यावरून जाते, त्यामुळे ती सायकलवाल्याला दिसत नाही. समुद्राचा कडाही त्याच्या वाट्याला येत नाही. त्याचा मार्ग संपतो तो ईस्टबोर्नच्या कडेला, पॅराडाइज ड्राइव्ह नावाच्या एका शांत रस्त्यावर.