सर्व्हरची मेमरी भरलेली दिसते तेव्हा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लिनक्स सर्व्हरची मेमरी संपत आली आहे, अशी विचारणा आमच्याकडे सतत होते. बहुतेक वेळा मेमरीचा हिशेब दाखवणाऱ्या ‘फ्री’ या कमांडचा ‘फ्री’ हाच रकाना पाहिलेला असतो. डिस्कवरून वाचलेल्या फायलींची पाने (मेमरीतले ठरावीक आकाराचे तुकडे) कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, रिकाम्या रॅममध्ये जपून ठेवतो आणि प्रोग्रॅमला जागा हवी झाली की त्यांतली बरीचशी स्वतःहून सोडतो. म्हणून प्रोग्रॅमना प्रत्यक्षात किती जागा मिळू शकेल याचा अंदाज देणारा ‘अव्हेलेबल’ हा रकाना पाहावा. २०१४ मधील ३.१४ या आवृत्तीपासून कर्नल हा अंदाज स्वतःच देतो.

खरा त्रास होतो तो क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आदेश आपोआप चालवणाऱ्या सोयीत) कोणीतरी घातलेल्या, दर तासाला ‘ड्रॉप कॅशेस’मध्ये (हा साठा सोडायला लावणाऱ्या कर्नलच्या फाइलमध्ये) ३ लिहिणाऱ्या ओळीमुळे. १ लिहिल्यास फायलींची पाने, २ लिहिल्यास फोल्डर व फायलींच्या नोंदी आणि ३ लिहिल्यास दोन्ही सोडली जातात. डिस्कवर अजून न उतरलेल्या पानांना कर्नल हात लावत नाही, त्यामुळे माहिती नष्ट होत नाही; परंतु पोस्टग्रेससारखा डेटाबेस कर्नलच्या याच साठ्यावर बराच विसंबून असल्याने त्याला सारे पुन्हा डिस्कवरून वाचावे लागते, आणि ऐन कामाच्या वेळी बिलिंगचा स्क्रीन अडकतो. शिवाय एखादा प्रोग्रॅमच मेमरी गिळत असेल, तर त्याने स्वतःकडे घेतलेली जागा या उपायाने सुटत नाही. आलेख तेवढा काही काळ बरा दिसतो, मूळ दोष तसाच राहतो आणि आमचा तपास लांबतो. म्हणूनच ठरावीक वेळी सर्व्हर मंदावल्याची तक्रार आली की आम्ही प्रथम कर्नलचा लॉग उघडतो, कारण हा आदेश कोणत्या प्रोसेसने (चालू प्रोग्रॅमने) दिला याची नोंद, ती मुद्दाम बंद केलेली नसल्यास, तेथे सापडते.

ही ओळ आम्ही काढायला सांगतो तेव्हा काही ग्राहकांना तो आमचा हट्ट वाटतो. कर्नलच्या अधिकृत दस्तऐवजातही चाचणी व दोषशोधाखेरीज हा आदेश वापरू नये, असेच सुचवले आहे. आम्ही स्वतः तो डिस्कचा खरा वेग मोजण्यापुरता, कार्यालय बंद झाल्यावर वापरतो.

शंका आल्यास सर्व्हर रीस्टार्ट न करता ‘फ्री’ आणि ‘टॉप’ (चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणारी कमांड) यांचे स्क्रीनशॉट आम्हाला पाठवावेत. वार्षिक देखभाल करारात कोणता प्रोग्रॅम किती मेमरी घेतो याची नियमित तपासणी समाविष्ट आहे, आणि ती झाल्याशिवाय आम्ही कोणालाही नवी रॅम घ्यायला सांगत नाही.