१९२२ की १९३६? इजिप्तच्या दोन स्वातंत्र्यांचा घोळ

परवा भाचीचा मेसेज आला, मामा इजिप्त स्वतंत्र नक्की कधी झाला, एका गाईडमध्ये १९२२ दिलंय, दुसऱ्यात १९३६, आणि ग्रुपमधला एक जण १९५६ वर अडून बसलाय. मी म्हटलं परीक्षेत १९२२ ला टिक कर आणि पुढच्या प्रश्नाला लाग. पण खरं सांगायचं तर तिन्ही उत्तरांत थोडंथोडं तथ्य आहे, आणि त्यातली पहिली दोन सालं तर लोक सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, म्हणून हे जरा सविस्तर.

१९२२ ची होती घोषणा आणि १९३६ चा होता करार. घोषणा एकाने करायची, दुसऱ्याने ऐकायची. कराराला दोघांच्या सह्या लागतात. एवढं डोक्यात ठेवलं तरी अर्धा घोळ मिटतो.

मागचं थोडक्यात. इंग्रज १८८२ मध्ये फौज घेऊन घुसले, तात्पुरतं आलोय म्हणाले आणि मुक्कामच ठोकला. कागदावर तरीही इजिप्त तुर्की सुलतानाचाच होता. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान समोरच्या बाजूला गेल्यावर डिसेंबर १९१४ मध्ये इंग्रजांनी तो पडदाही काढला आणि इजिप्त आमचं संरक्षित राज्य असं जाहीर केलं. युद्ध थांबून दोनच दिवस झाले होते, १३ नोव्हेंबर १९१८ ला राष्ट्रवादी पुढारी साद झगलूल दोन सोबत्यांना घेऊन ब्रिटिश हायकमिशनर विंगेटकडे गेले, की आम्हाला लंडनला जाऊन आमचं म्हणणं मांडायचंय. शिष्टमंडळाला अरबीत वफ्द म्हणतात, त्यांच्या पक्षाला पुढे तेच नाव पडलं. परवानगी तर नाहीच मिळाली, उलट मार्च १९१९ मध्ये झगलूलना उचलून माल्टाला धाडलं, आणि मग देश पेटला. विद्यार्थी, वकील, रेल्वे कामगार, मोर्चा काढणाऱ्या बुरख्यातल्या बायका, रूळ उखडणारे शेतकरी, सगळेच.

आता १९२२. अ‍ॅलनबी तेव्हा हायकमिशनर. नुसत्या बंदुकीवर हा देश चालणार नाही हे त्याला कळून चुकलं होतं, आणि त्याने राजीनाम्याची धमकी देऊन लंडनकडून २८ फेब्रुवारी १९२२ ची घोषणा काढून घेतली: इजिप्त स्वतंत्र सार्वभौम राज्य आहे. ऐकायला झकास. पण ही कोणाशी बोलून ठरवली? कोणाशीच जमलं नव्हतं म्हणून तर एकतर्फी जाहीर केली. ज्याच्या नावाने लोक रस्त्यावर उतरले होते ते झगलूल तेव्हा देशात नव्हतेच, डिसेंबर १९२१ मध्ये त्यांना दुसऱ्यांदा हद्दपार केलं होतं, आधी एडन आणि मग सेशेल्स. (एडनचा कारभार तेव्हा मुंबई इलाख्यातून चालायचा, म्हणजे इजिप्तचा सगळ्यात मोठा पुढारी काही दिवस आपल्याच इलाख्यात कैदी होता म्हणा ना.)

आणि घोषणेला शेपूट होतं. चार गोष्टी इंग्रजांनी स्वतःकडे राखून ठेवल्या: साम्राज्याची दळणवळणाची वाट म्हणजे मुख्यतः सुएझ, इजिप्तचं परकीयांपासून संरक्षण, तिथले परदेशी लोक आणि अल्पसंख्याक यांचं रक्षण, आणि सुदान. यातून उरतं काय ते तुम्हीच बघा. दुसरा मुद्दा तर असा ताणता येतो की त्यात काहीही बसवावं.

तरी १९२२ अगदीच पोकळ होतं असं मी म्हणणार नाही. सुलतान फुआद राजा झाला, १९२३ ला राज्यघटना आली, १९२४ च्या निवडणुकीत वफ्दने धुव्वा उडवला आणि परत आलेले झगलूल पंतप्रधान झाले. पण त्या स्वातंत्र्याची लांबी किती हे त्याच वर्षी दिसलं. १९ नोव्हेंबर १९२४, सर ली स्टॅक, म्हणजे इजिप्तच्या सैन्याचा सिरदार (सरसेनापती) आणि सुदानचा गव्हर्नर जनरल, पद दोन आणि माणूस एक आणि तोही इंग्रज, कैरोत भर रस्त्यात त्याच्या गाडीवर गोळ्या झाडल्या, दुसऱ्या दिवशी तो गेला. अ‍ॅलनबी घोडदळ घेऊन थेट पंतप्रधानांच्या दारात. माफी मागा, ५ लाख पौंड दंड भरा, सुदानमधून तुमचं सैन्य २४ तासांत काढा, आणि वर हेही की सुदानच्या गेझिरा भागात आम्हाला हवं तितकं पाणी वापरू. खुनाचा आणि नाईलच्या पाण्याचा काय संबंध? इजिप्तला घाम फुटतो तो पाण्याचं नाव काढल्यावर, हे त्याला ठाऊक होतं, एवढाच संबंध. झगलूलनी दंड भरला, माफी मागितली, पण सुदानची मागणी मान्य केली नाही, तर इंग्रजांनी अलेक्झांड्रियाचं कस्टम ताब्यात घेतलं आणि झगलूलनी राजीनामा दिला. निवडून आलेलं सरकार वर्षभरही टिकलं नाही.

मग १९३६ मध्ये वेगळं काय झालं? दोघांनाही घाबरवणारा तिसरा आला. ऑक्टोबर १९३५ मध्ये मुसोलिनी अ‍ॅबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात शिरला, पश्चिमेला लिबिया आधीच इटलीकडे, म्हणजे इजिप्त मधल्या मध्ये चेपला गेला. इंग्रजांना शांत इजिप्त हवा होता आणि इजिप्शियनांना वाटलं हीच वेळ आहे पदरात काही पाडून घ्यायची. या वेळी नुसतं वफ्द नाही, बाकी पक्षांचे लोकही सोबत घेतले, झगलूलनंतर वफ्दचे पुढारी झालेल्या नहास पाशांच्या पुढारपणाखाली १३ जण, आणि २६ ऑगस्ट १९३६ ला लंडनमध्ये सह्या. ब्रिटिशांकडून परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन. हो, तोच ईडन, जो वीस वर्षांनी पंतप्रधान म्हणून सुएझवर फौज पाठवून स्वतःचं हसं करून घेणार होता.

करारात मिळालं ते खरंखुरं होतं. हायकमिशनर जाऊन राजदूत आला (माणूस मात्र तोच, माइल्स लॅम्पसन, आणि इतर सगळ्या देशांच्या राजदूतांपेक्षा मान त्याचा वरचा हेही ठरवून घेतलेलं). सैन्य शहरांतून निघून कालव्याच्या पट्ट्यात जाणार, शांततेच्या काळात १०,००० सैनिक आणि ४०० वैमानिक, त्याहून जास्त नाही. १९३७ मध्ये इजिप्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला, आणि त्याच वर्षी माँत्रोच्या परिषदेत परदेशी लोकांच्या जुन्या सवलती रद्द झाल्या, म्हणजे युरोपियनाने गुन्हा केला तर इजिप्तचं कोर्ट हात लावू शकत नाही हा जो प्रकार होता तो. अर्थात बारा वर्षांची मुदत देऊन, मिश्र कोर्टं १९४९ ला बंद झाली. सुदानचा प्रश्न जवळपास जिथल्या तिथे. आणि युद्ध लागलं तर बंदरं, विमानतळ, रस्ते सगळं इंग्रजांना खुलं. मुदत २० वर्षं.

मला तर हे घर सोडायला तयार नसलेल्या बिऱ्हाडासारखं वाटतं. १९२२ ला त्याने परस्पर सांगून टाकलं की घर तुमचं, पण किल्ल्या माझ्याकडे. १९३६ ला तो रीतसर ॲग्रीमेंट करून मागच्या खोलीत गेला, आणि त्या खोलीचं बांधकाम मालकानेच करून द्यायचं! खरंच, कालव्यालगतच्या बराकी आणि तिथवरचे रस्ते आधी इजिप्तने बांधायचे आणि मग सैन्य हलणार अशी अट होती. बराकी होईपर्यंत युद्ध लागलं, १०,००० चा आकडा वाऱ्यावर गेला, आणि कैरोच्या मधोमध नाईलकाठी कस्र अल नील बराकीत इंग्रज थेट १९४७ पर्यंत बसून राहिले.

कागद कितीही चांगला असला तरी रणगाडा तो रणगाडाच. ४ फेब्रुवारी १९४२ च्या रात्री लॅम्पसनने आब्दीन राजवाड्याला वेढा घातला आणि फुआदचा मुलगा राजा फारूक याच्यासमोर राज्यत्यागाचा कागद ठेवला, की नहासना पंतप्रधान कर नाहीतर यावर सही कर. फारूकने मान तुकवली. गंमत बघा, १९३६ च्या करारावर सही करणारा माणूस इंग्रजी रणगाड्यांच्या जोरावर खुर्चीत बसला. वफ्दला तो डाग पुढे कधी धुता आलाच नाही.

मग मोठं कोणतं? माझ्या मते १९३६, आणि कारण करारातल्या कलमांच्या थोडं बाहेरचं आहे. करारानंतर सैन्य वाढवायचं ठरलं, त्यासाठी अधिकारी हवे होते, म्हणून लष्करी अकादमीची दारं साध्या घरातल्या पोरांनाही उघडली. १९३७ मध्ये पोस्टात काम करणाऱ्या एका माणसाचा मुलगा आत आला, नाव गमाल अब्देल नासर. १९५२ ला फारूकला घालवणाऱ्या अधिकाऱ्यांत असे बरेच होते.

आणि दुसरं म्हणजे करार फाडता येतो. १९२२ च्या घोषणेत इजिप्तची सहीच नव्हती, फाडणार काय? ऑक्टोबर १९५१ मध्ये, मुदतीला पाच वर्षं बाकी असताना, त्याच नहास पाशांनी संसदेत उभं राहून सांगितलं की इजिप्तसाठी मी १९३६ च्या करारावर सही केली आणि इजिप्तसाठीच आज तो रद्द करा म्हणतोय. त्यावर लंडनचं उत्तर आलं: असं एकतर्फी काही करता येत नाही.