कातिना पाक्सिनू : ऑस्करमागची रंगभूमी

ग्रीक अभिनेत्री कातिना पाक्सिनू यांचे नाव निघाले की पहिला उल्लेख होतो तो १९४३ सालच्या ‘फॉर हूम द बेल टोल्स’ या हॉलीवूडपटाचा. स्पेनच्या यादवी युद्धात नवऱ्याने कच खाल्ल्यावर बंडखोर टोळीची सूत्रे हाती घेणारी पिलार त्यांनी त्यात उभी केली आणि सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर पटकावले. पिलारचा तो दरारा मात्र हॉलीवूडमध्ये घडलेला नव्हता.

पिरेयस बंदरात १९०० साली जन्मलेल्या कातिना यांनी जिनिव्हात ऑपेरा गायनाचे शिक्षण घेतले होते. पाक्सिनू हे पहिल्या पतीकडचे आडनाव त्यांनी पुढेही कायम ठेवले. १९२९च्या सुमारास त्या गाण्याकडून गद्य नाटकाकडे वळल्या आणि १९३२ साली अथेन्समध्ये सुरू झालेल्या नॅशनल थिएटरच्या पहिल्या फळीत दाखल झाल्या. अभिनेते अलेक्सिस मिनोतिस हे त्यांचे सहकलाकार आणि पुढे पती.

१९३८ साली दिग्दर्शक दिमित्रिस रोंदिरिस यांनी प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसची ‘इलेक्ट्रा’ ही शोकांतिका एपिडॉरसच्या प्राचीन नाट्यगृहात नेली. डोंगरउतारावर कोरलेल्या, सुमारे १४ हजार प्रेक्षकांच्या त्या दगडी जागेत आधुनिक काळात झालेला हा पहिलाच नाट्यप्रयोग, आणि त्यात इलेक्ट्रा होत्या पाक्सिनू. वर उघडे आकाश, समोर ध्वनिक्षेपक नाही; अशा ठिकाणी शोकांतिकेतला आक्रोश शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचा तर ऑपेराने कमावलेला दमसास किती उपयोगी पडला असेल, हे सांगायला नको.

महायुद्धामुळे मायदेशाची वाट बंद झाली आणि त्या अमेरिकेत पोहोचल्या. १९४४ साली ऑस्कर स्वीकारताना त्यांनी ते अथेन्समधील नाट्यसहकाऱ्यांना, हयात असोत वा नसोत, अर्पण केले. ग्रीस तेव्हा जर्मनांच्या टाचेखाली होता. हॉलीवूडने पुढे त्यांना त्या तोडीचे काम क्वचितच दिले. युद्धानंतर त्या मायदेशी परतल्या. त्यानंतरची त्यांची मोठी पडद्यावरची भूमिका इटालियन होती : लुकिनो व्हिस्कोंती यांच्या १९६०च्या ‘रोक्को अँड हिज ब्रदर्स’मधली आई.

१९६७ साली लष्कराने सत्ता बळकावल्यावर या दांपत्याने नॅशनल थिएटर सोडून स्वतःची नाटक कंपनी उभारली. तिथे पाक्सिनू यांनी जर्मन नाटककार ब्रेख्तची ‘मदर करेज’ साकारली, युद्धात एकेक मूल गमावूनही आपला गाडा ओढत राहणारी बाई. लष्करी राजवट कोसळण्याआधीच, २२ फेब्रुवारी १९७३ रोजी, अथेन्समध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले.