कुजणं आणि सडणं: पुरात बुडालेल्या जंगलाची बुरशी

ब्राझीलमधल्या मनौसजवळ नदी दरवर्षी सरासरी १० मीटर चढते. तीन मजली इमारत बुडेल एवढं हे पाणी जंगलात शिरतं आणि कित्येक महिने तिथेच मुक्काम ठोकतं. काल जिथे पाचोळ्यात किडे होते, तिथे आज मासे फिरतात आणि झाडांवरून पडणारी फळं खातात. अ‍ॅमेझॉनच्या या जंगलांची गोष्ट बहुतेक वेळा माशांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. मला विचारायचंय ते त्या पाण्याखाली गेलेल्या पाचोळ्याबद्दल. त्याला कुजवणाऱ्या बुरशीचं पुढे काय होतं?

मराठीत कुजणं आणि सडणं असे दोन शब्द आहेत, आणि इथे ते दोन्ही हवेत. हवा खेळती असेल तर पाला कुजतो, त्याची काळी, मातीचा वास येणारी भुगी होते. हवा कोंडली की तो सडतो आणि घाण सुटते. पहिल्या कामात बुरशीचा वाटा फार मोठा असतो. लाकडाला टणकपणा देणारं लिग्निन मुळापासून फोडणं जवळपास फक्त तिलाच जमतं. बुरशीचे तंतू लाकडात विकरं सोडतात, आणि त्या विकरांना लिग्निन तोडायला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट मंद गतीने तो साचलेल्या पाण्यात सरकतो. त्यामुळे बुडालेल्या ओंडक्यातलं काम थंडावतं. त्याच झाडाची वाळलेली फांदी पाण्याच्या वर राहिली असेल, तर तिथे मात्र बुरशी वर्षभर पोखरत राहते.

पानांचं तसं नाही. पाण्यात थोडा जरी प्रवाह आणि ऑक्सिजन असला, तरी बुडालेल्या पानांचा ताबा एक वेगळीच मंडळी घेते. इंग्लंडमधल्या लेस्टरचे वनस्पतिशास्त्रज्ञ सेसिल टेरेन्स इंगोल्ड ओढ्यात पडलेली आल्डर झाडाची कुजकी पानं तपासत होते. त्यांवर त्यांना अशा बुरशी सापडल्या, ज्या पाण्याखालीच वाढतात आणि पाण्याखालीच बीजाणू सोडतात. १९४२ साली त्यांनी त्यांचं सविस्तर वर्णन छापलं. यातल्या अनेकांचे बीजाणू गोल नसतात. एका मध्यबिंदूतून चार हात चार दिशांना फुटलेले असतात. वाहत्या पाण्यात गोल दाणा पानावरून घरंगळून जाईल, पण चार हातांचा बीजाणू कसाही येऊन आदळला तरी तिपाईसारखा तीन टोकांवर टेकतो आणि तिथेच चिकटतो. मला सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या आकारांत याहून देखणा आकार माहीत नाही. विशेष म्हणजे एकमेकींशी जवळचं नातं नसलेल्या अनेक बुरशींमध्ये तो स्वतंत्रपणे घडला आहे. अशा बुरशी पुढे उष्ण प्रदेशातल्या नद्यांमध्येही आढळल्या.

या बुरशी पान मऊ करतात आणि स्वतःच्या तंतूंनी ते भरून टाकतात. कोरडं, चिवट पान पाण्यातल्या किड्यांना फारसं पोसत नाही, पण बुरशीने भरलेलं पान पौष्टिक होतं, म्हणून किडे तेच निवडून खातात. मग किड्यांना मासे खातात. पाण्यावर पडणाऱ्या परागकणांची तजवीज कायट्रिड नावाच्या सूक्ष्म बुरशी करतात. त्यांच्या बीजाणूंना शेपटी असते आणि ते पोहत जाऊन परागकण गाठतात.

मुळांचा प्रश्न आणखी बिकट. मुळांशी भागीदारी करणारी मायकोरायझा बुरशी झाडाला फॉस्फरस पुरवते आणि झाडाकडून साखर घेते. रिओ नेग्रोसारख्या काळ्या, आम्लधर्मी पाण्याच्या नद्यांकाठी माती इतकी निकस असते की ही देवाणघेवाण मोलाची ठरते. बुडालेल्या चिखलात श्वास घ्यायला तिला हवा कुठून मिळते? पूर सोसणाऱ्या अनेक झाडांच्या मुळांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून वरची हवा खाली उतरते आणि थोडी मुळाबाहेर झिरपते. त्या ऑक्सिजनच्या पातळ थरात बुरशीला तग धरायला जागा मिळते.

जिथे तेवढाही ऑक्सिजन नाही, तिथे सडणं सुरू होतं. ते काम करणारे सूक्ष्मजीव मिथेन सोडतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांतून दिसलं, की अ‍ॅमेझॉनच्या पूरक्षेत्रातली झाडं हा वायू मुळांतून ओढून घेतात आणि खोडावाटे प्रचंड प्रमाणात हवेत सोडतात.

आणि जिथे पाणी ओसरतच नाही, तिथे पाला आणि लाकूड पुरतं कुजतही नाही, सडतही नाही. नुसतं साचत जातं. मध्य काँगोच्या दलदलीच्या जंगलाखाली अशा साठ्याचा, म्हणजे पीटचा, सुमारे १,४५,५०० चौरस किलोमीटर पसारा असल्याचं २०१७ मध्येच समोर आलं. त्यात अंदाजे ३० अब्ज टन कार्बन आहे. तळाचा थर दहा हजार वर्षांहून जुना आहे. या पीटमध्ये खोलवर घेतलेल्या नमुन्यांत संशोधकांना एक विचित्र पट्टा दिसला. साधारण साडेसात हजार ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळातलं पीट फारच कमी उरलं होतं, आणि उरलेलं पार कुजलेलं होतं. त्या काळात तिथलं हवामान कोरडं होत गेलं होतं. पाण्याची पातळी खाली गेली, हवा आत शिरली, आणि हजारो वर्षं खोळंबलेलं कुजणं पुन्हा सुरू झालं.