सायकल हेल्मेटसक्ती (ऑस्ट्रेलिया)

सायकल चालवताना हेल्मेट घालणे सर्व वयाच्या स्वारांना बंधनकारक करणारा कायदा. जगात असा कायदा पहिल्यांदा ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० रोजी लागू केला. मोटारीतला सीटबेल्ट सक्तीचा करण्यातही १९७० साली याच राज्याचा पहिला नंबर होता. दोन्ही वेळी शल्यचिकित्सकांच्या संघटनेने मागणी लावून धरली होती. अपघातप्रवण जागा सुधारण्यासाठी केंद्राने राज्यांना जो निधी देऊ केला, त्याच्या अटींमध्ये हेल्मेटसक्तीही होती. त्यामुळे १९९२ पर्यंत सगळ्या राज्यांत कायदा झाला. न्यूझीलंडने १९९४ मध्ये तोच कित्ता गिरवला.

कायद्याचा परिणाम काय झाला, यावर तीस वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे आणि तो नुसता हट्टाचा नाही. व्हिक्टोरियात १९८२-८३ मध्ये जेमतेम ५ टक्के सायकलस्वार हेल्मेट घालत. प्रचार आणि सवलतींमुळे हे प्रमाण १९८९-९० पर्यंत ३१ टक्क्यांवर गेले आणि सक्तीनंतर एका वर्षात ७५ टक्के झाले. मृत्यू किंवा डोक्याला मार लागून रुग्णालयात भरती झालेल्या सायकलस्वारांचे विम्याचे दावे पहिल्या वर्षी ४८ टक्क्यांनी आणि दुसऱ्या वर्षी ७० टक्क्यांनी घटले. समर्थक हेच आकडे पुढे करतात.

पण हे आकडे ज्या पाहणीतले, तिच्यातच आणखी एक आकडा होता: मेलबर्नमध्ये पहिल्या वर्षी मुलांचे सायकल चालवणे ३६ टक्क्यांनी कमी झाले. शाळेतल्या पोरांना, विशेषतः वयात आलेल्यांना, डोक्यावर ते टोपले नको होते. त्यांनी सायकलच सोडली. रस्त्यावर सायकली एक तृतीयांशाने कमी झाल्या, तर हेल्मेटने काहीही न करता फुटलेली डोकीही साधारण तितकीच कमी दिसणार. शिवाय १९८९-९० च्या सुमारास व्हिक्टोरियात वेग टिपणारे कॅमेरे आले, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांची रस्तोरस्ती तपासणी वाढली आणि दूरदर्शन संचावर अंगावर काटा आणणाऱ्या जाहिराती झळकू लागल्या. याचा फायदा पादचाऱ्यांनाही झाला, आणि पादचारी काही हेल्मेट घालत नाहीत. संख्याशास्त्रज्ञ डोरोथी रॉबिन्सन यांनी १९९६ मध्ये नेमका हाच आक्षेप मांडला. सायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींची तुलना इतर वाहतूक वापरणाऱ्यांच्या दुखापतींशी आणि एकूण सायकलवापराशी केल्याशिवाय घट कायद्याच्या खात्यात जमा करता येत नाही.

हेल्मेट निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. हेल्मेटच्या आतला जाड थर म्हणजे एक प्रकारचा घट्ट थर्माकोल. डोके आपटले की तो चेपतो, तडकतो आणि धक्क्याचा काळ मिलिसेकंदांनी लांबवतो. एकदा तडकलेले हेल्मेट टाकूनच द्यावे लागते. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये ४० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. अपघात झालेल्या सायकलस्वारांपैकी हेल्मेट घातलेल्यांत डोक्याच्या दुखापतीची शक्यता ५१ टक्क्यांनी, गंभीर दुखापतीची ६९ टक्क्यांनी आणि जीवघेण्या दुखापतीची ६५ टक्क्यांनी कमी आढळली. मर्यादा वेगाची आहे. युरोपीय मानकात सपाट पृष्ठावरची चाचणी ताशी २० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे साधारण दीड मीटरवरून डोके पडावे इतक्या धक्क्याची असते. तोल जाऊन पडणाऱ्याला ते पुरते, भरधाव ट्रकखाली येणाऱ्याला नाही. डोके गर्रकन फिरल्याने मेंदूतले तंतू ताणले जातात. त्या इजेवर जुन्या घडणीची हेल्मेटे फारशी उपयोगी नव्हती. म्हणून अलीकडे आत सरकणारा पातळ थर बसवतात.

एका डोक्याला हेल्मेट उपयोगी असणे आणि सर्वांवर सक्ती उपयोगी असणे हे दोन निराळे प्रश्न आहेत. वादात दोन्हींची गल्लत होते. नेदरलँड्समध्ये रोजच्या सायकलस्वाराच्या डोक्यावर हेल्मेट क्वचितच दिसते. तिथे भर आहे तो वेगळ्या मार्गिकांवर आणि मोटारींचा वेग कमी ठेवण्यावर. इस्राएलने २०११ मध्ये शहरातल्या प्रौढांसाठी सक्ती मागे घेतली. न्यू साउथ वेल्सने मात्र २०१६ मध्ये दंड ७१ डॉलरवरून ३१९ डॉलरवर नेला. मेलबर्नमध्ये २०१० साली सुरू झालेल्या भाड्याच्या सायकलींना हेल्मेटची अडचण कायम राहिली. सवलतीत पाच डॉलरला हेल्मेट विकूनही योजना रुळली नाही आणि २०१९ मध्ये ती बंद पडली.

भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मधली हेल्मेटसक्ती मोटारसायकल आणि स्कूटरपुरती आहे. सायकल त्यात येत नाही. पुण्यात गाजलेली हेल्मेटसक्तीही पेट्रोलच्या दुचाक्यांचीच. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी ५०,०२९ जण हेल्मेट नसलेले दुचाकीस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले होते, तर ३२,८२५ पादचारी होते. सायकलस्वारांचा वाटा सुमारे तीन टक्के होता.